अनुदान आणि अट : वाशिम प्रांतांतील विद्यादानाच्या हिशेबाचा इतिहास

(१)

द्रव्य देणारा एक आणि विद्या देणारा दुसरा असें जेथें होतें, तेथें त्या दोघांमध्यें एक कागद अवश्य उत्पन्न होतो. देणारा त्यांत आपली अट लिहितो, घेणारा त्यांत आपला हिशेब भरतो. हा कागद एके काळीं तांब्याचा होता. पुढें तो छापील नमुन्याचा झाला. आतां तो संगणकाच्या पडद्यावरील रकान्यांचा झाला आहे. शिक्षणाचा इतिहास लिहिणारे लोक शाळा कोणी काढली, शिक्षक कोण होते, विद्यार्थी कोणत्या पदास चढले हें सांगतात. परंतु या मधल्या कागदाची कथा सहसा कोणी सांगत नाहीं. ती रुक्ष आहे हें खरें. तरी पण कोणती शाळा जगावी, कोणती बंद पडावी, आणि जगलेल्या शाळेंत काय शिकवावें, याचा निकाल पुष्कळदां त्याच कागदानें लावला आहे. म्हणून प्रस्तुत लेखांत वाशिम प्रांतापुरता त्याचा मागोवा घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

‘वाशिम प्रांत’ या शब्दाची मर्यादा आरंभींच सांगितली पाहिजे. इ. स. १८५३ च्या तहानें निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. त्यांत पुढें वाशिम हा स्वतंत्र जिल्हा झाला, व वाशिम, मंगरूळ आणि पुसद हे त्याचे तालुके होते. इ. स. १९०५ सालीं वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना होऊन हा जिल्हा मोडला. वाशिम व मंगरूळ अकोल्यास आणि पुसद यवतमाळास जोडला गेला. त्यानंतर ९३ वर्षांनीं, १ जुलै १९९८ रोजीं, वाशिम, मालेगांव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा अशा सहा तालुक्यांचा आजचा जिल्हा अस्तित्वांत आला. मधल्या ९३ वर्षांच्या सरकारी कोष्टकांत जिल्हा म्हणून वाशिमची ओळच नाहीं. ज्याची ओळ नाहीं, त्याची उणीवही कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं, हें वाचकांनीं पुढील विवेचनासाठीं ध्यानांत ठेवावें.

(२)

या प्रांतांतील सर्वांत जुना दानलेख म्हणजे वाशिमचा ताम्रपट होय. तो इ. स. १९३९ सालीं उजेडांत आला, आणि त्यावरून वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्म, म्हणजे आजचें वाशिम, येथें राज्य करीत होती ही गोष्ट निश्चित झाली. हा लेख द्वितीय विंध्यशक्तीच्या ३७ व्या राज्यवर्षाचा असून त्यांतील वंशावळ संस्कृतांत आणि दानाचा मजकूर प्राकृतांत आहे. नान्दीकड, म्हणजे नांदेडकडील प्रदेशांतील एक गांव अथर्ववेदी ब्राह्मणांस दिल्याचें त्यांत नमूद आहे. दान घेणाऱ्यांचीं गोत्रनामें आणि प्रत्येकाचा वांटा लिहिला आहे; गांवास कोणकोणत्या करांची व उपद्रवांची माफी आहे याची लांबलचक यादी आहे. म्हणजे देणाऱ्यानें येथें स्वतःच्या अधिकाऱ्यांस बांधून घेतलें आहे. ‘आमची माणसें तुमच्या गांवांत शिरून त्रास देणार नाहींत’ हें त्या यादीचें तात्पर्य.

याच वंशाच्या दुसऱ्या शाखेचा, म्हणजे द्वितीय प्रवरसेनाचा, अचलपूरजवळील चम्मक येथें सांपडलेला ताम्रपट याहून बोलका आहे. त्यांत आठ हजार भूमि मोजमापाचा गांव एक हजार ब्राह्मणांस दिला आहे, आणि दान चालू राहण्याची अट स्पष्ट शब्दांत घातली आहे. घेणाऱ्यांनीं राज्याचा द्रोह करूं नये. ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार यांपासून दूर राहावें. युद्ध करूं नये. दुसऱ्या गांवांस उपद्रव देऊं नये. ही अट मोडल्यास राजानें दान परत घेतलें तरी त्यास चोरीचा दोष लागणार नाहीं. वऱ्हाडांतील सशर्त अनुदानाचा याहून जुना नमुना आम्हांस ठाऊक नाहीं.

या लेखांत एक मौज आहे. दान एक हजारांस दिल्याचें लिहिलें असून नांवें मात्र ४९ च नमूद आहेत. बाकीच्यांचीं नांवें पत्र्यावर मावलीं नाहींत, कीं ४९ हे कुलमुख्य होते, कीं हजार हा आंकडा केवळ मोठेपणाचा, यासंबंधीं तर्क करतां येतील. आमचा कोणावर आरोप नाहीं. इतकेंच दाखवावयाचें कीं दानलेखांतील संख्या आणि दानलेखांतील माणसें यांच्यांत अंतर पडण्याचा प्रकार आजचा नव्हे. तसेंच हेंही लक्षांत घेण्यासारखें आहे कीं वाकाटक राजानें आचरणाची अट घातली, पण अध्ययनाचें माप मागितलें नाहीं. किती जणांनीं वेद पाठ केला, हा प्रश्न त्या पत्र्यावर कोठेंच नाहीं.

(३)

राजाश्रयाच्या जोडीस लोकाश्रयाचा एक प्रवाह या जिल्ह्यांत वाहत आला. त्याचें मुख्य स्थान कारंजा. येथें दिगंबर जैनांच्या बलात्कारगण, सेनगण व काष्ठासंघ या तीन परंपरांचीं मंदिरें असून त्यांच्या भांडारांत हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. इ. स. १९२६ सालीं रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांत व वऱ्हाड येथील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूचि प्रसिद्ध केली, तेव्हां या भांडारांची ख्याति सर्वत्र झाली. पुष्पदंताचें अपभ्रंश काव्य ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्य यांनीं संपादून इ. स. १९३१ सालीं कारंजा जैन ग्रंथमालेंत छापलें, तें याच भांडारांच्या पुण्याईनें.

या पोथ्या बहुधा शास्त्रदानानें निर्माण झाल्या. एखादा गृहस्थ किंवा श्राविका द्रव्य देई, लेखक पोथी उतरून काढी, आणि ती मुनीस किंवा भट्टारकांच्या शिष्यास अर्पण होई. पोथीच्या अखेरीस दात्याचें कुल, लेखकाचें नांव, स्थळ, संवत् व ज्यास पोथी दिली त्याचें नांव लिहीत. आपल्या ज्ञानावरण कर्माचा क्षय व्हावा, एवढाच दात्याचा मोबदला. घेणाऱ्यानें ती पोथी किती वेळां वाचली याचा जाब कोणी विचारीत नसे. तरी पण इतिहासकारास या प्रशस्त्या सोन्याच्या मोलाच्या आहेत. कारण त्या खऱ्या माणसांच्या आहेत, आणि त्यांत खोटें लिहून कोणास कांहीं मिळावयाचें नव्हतें. ज्या नोंदीवर लाभ अवलंबून नसतो ती नोंद सहसा खरी असते, हा पहिला निष्कर्ष आम्ही येथेंच मांडून ठेवतों. कारंजाची ही लोकाश्रयाची परंपरा अर्वाचीन काळींही खंडित झाली नाहीं. इ. स. १९१८ सालीं तेथें निघालेलें महावीर ब्रह्मचर्याश्रम गुरुकुल हें तिचेंच फळ होय.

(४)

आतां इंग्रजी अमलाकडे वळूं. १९ जुलै १८५४ च्या खलित्यांत, ज्यास सर चार्ल्स वुडचा खलिता म्हणतात, हिंदुस्थानांत अनुदानपद्धति प्रथम घालून दिली गेली. खासगी शाळेस सरकारी मदत मिळण्यास चार गोष्टी अवश्य ठरल्या. शाळेंत ऐहिक विषयांचें चांगलें शिक्षण असावें. शाळा टिकेल अशी तिची स्थानिक व्यवस्था असावी. सरकारी तपासनिसास शाळा पाहूं द्यावी. आणि विद्यार्थ्यांकडून थोडी कां होईना, फी घ्यावी. मदतही शिक्षकाचा पगार, इमारत, शिष्यवृत्ति अशा ठराविक कामासाठींच द्यावयाची होती. या चार अटींत विद्यार्थ्यांची अमुक संख्या किंवा अमुक निकाल ही अट नाहीं. सारा भर तपासनिसाच्या डोळ्यांवर आहे.

वऱ्हाडांत शिक्षणखातें इ. स. १८६६ सालीं उभें राहिलें, आणि त्याचे वार्षिक अहवाल हैदराबादच्या रेसिडेंटामार्फत वर जाऊं लागले. वाशिमच्या बालाघाटी मुलखांत गांवें विरळ, रस्ते थोडे, आणि पावसाळ्यांत नदीनाले आडवे. अशा मुलखांत तपासनीस फिरणें हें खर्चाचें व कष्टाचें काम. कोष्टक मात्र टपालानें येतें. जेथें माणूस पोंचत नाहीं तेथें कागद पोंचतो, व हळूहळू कागदावरच विश्वास ठेवण्याची संवय लागते.

त्याच सुमारास विलायतेंत एक नवी युक्ति निघाली होती. इ. स. १८६२ च्या सुधारलेल्या नियमावलीनें तेथील शाळांचें अनुदान हजेरीवर आणि वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांत उत्तीर्ण होणाऱ्या मुलांच्या संख्येवर बांधण्यांत आलें. यालाच निकालावर वेतन देण्याची पद्धति म्हणतात. सरकारास ती आवडण्याचें कारण उघड होतें: पैशाचा मोबदला मोजतां येत होता. इ. स. १८६५ च्या सुमारास मुंबई इलाख्यांत ती शिरली. मद्रासेनें शिक्षकाच्या पगारास मदत देण्याचा मार्ग स्वीकारला, आणि उत्तरेकडील प्रांतांत ठराविक मुदतीचें अनुदान चालू राहिलें. एकाच खलित्याच्या पोटीं असे तीन प्रकार जन्मले.

निकालपद्धतीचे दोष विलायतेंत लवकरच दिसूं लागले. कवि व टीकाकार मॅथ्यू आर्नोल्ड हा स्वतः शाळातपासनीस होता. त्यानें आपल्या अहवालांत वारंवार लिहिलें कीं, या पद्धतीनें शिकवणें यांत्रिक झालें, आणि परीक्षेंत ज्यास गुण नाहीं तें शाळेंतून हद्दपार झालें. इ. स. १८९० नंतरच्या दशकांत इंग्लंडनें ही पद्धति सोडून दिली.

(५)

इकडे फेब्रुवारी १८८२ मध्यें सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणकमिशन नेमलें गेलें. महाराष्ट्रांतर्फे काशीनाथ त्र्यंबक तेलंग हे त्याचे सभासद होते, आणि वऱ्हाडची शिक्षणस्थितीही त्याच्या विचारकक्षेंत होती. देशी पंतोजींच्या शाळांस मदत मुख्यतः परीक्षेच्या निकालावर द्यावी असें मत कमिशननें दिलें. मागासलेल्या व गरीब मुलखास सवलत असावी असेंही सुचविलें. परंतु महाविद्यालयांस ही पद्धति लावूं नये असें सांगितलें. म्हणजे ज्याची बाजू बळकट त्यास मोजमापापासून सूट, आणि ज्याच्याजवळ कांहीं नाहीं त्यास डोईगणती.

याच कमिशनपुढें १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं महात्मा जोतीराव फुले यांनीं आपलें निवेदन सादर केलें. त्यांतील सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी सर्वांस ठाऊक आहे. तपासणीसंबंधींच्या सूचनेकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष गेलेलें नाहीं. डेप्युटी इन्स्पेक्टरच्या वर्षांतून एकदां होणाऱ्या भेटीनें म्हणण्यासारखा लाभ होत नाहीं. शाळा निदान तिमाहीस एकदां तपासाव्या. शिवाय मधून मधून आगाऊ वर्दी न देतां भेट द्यावी. आणि जिल्ह्याच्या वा गांवच्या अंमलदारांवर याबाबत भिस्त ठेवूं नये, कारण त्यांच्यामागें कामें फार, असें त्यांनीं कळविलें. ज्यानें स्वतः शाळा चालविल्या त्याची ही सूचना आहे. त्यानें अधिक नमुने मागितले नाहींत, अधिक भेटी मागितल्या.

ही सूचना वाशिमसारख्या मुलखास किती लागू होती हें पुढच्या दशकांत कळून आलें. इ. स. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनीं वऱ्हाड होरपळला. इ. स. १९०१ च्या खानेसुमारींत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ३,५३,४१० भरली. दहा वर्षांत ती शेंकडा ११ नें घटली होती. असल्या वर्षीं मूल शाळेंत येत नाहीं तें पंतोजी वाईट शिकवितो म्हणून नव्हे, तर घरांत धान्य नसतें म्हणून. निकालावर पोट बांधलेल्या पंतोजीस मात्र दोन्हींचें फळ सारखेंच. कोष्टकांत अनुपस्थितीचा रकाना असतो, दुष्काळाचा रकाना नसतो. दारांत उभा राहिलेला तपासनीस हा भेद पाहूं शकतो. टपालानें आलेला कागद पाहूं शकत नाहीं. वऱ्हाडच्या शिक्षणखात्यांत रा. ब. विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे, इ. स. १९०७ च्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद भूषविलेले, विद्वान् पुरुष होते. डोळे नव्हते असें नाहीं. डोळ्यांच्या मानानें मुलूख मोठा होता. शेवटीं इ. स. १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावानें प्राथमिक शाळांपुरती निकालपद्धति त्याज्य ठरविली.

परंतु कोष्टकें राहिलीं आणि वाढलीं. इ. स. १८८६-८७ अखेरचें पहिलें अखिल हिंदुस्थानचें शिक्षणसमालोचन सर आल्फ्रेड क्रॉफ्ट यांनीं लिहिलें, व पुढें दर पांच वर्षांनीं तसें समालोचन निघूं लागलें. त्यासाठीं प्रत्येक प्रांतानें एकाच सांच्याचे तक्ते भरावे लागत. या तक्त्यांवांचून आज आम्हांस त्या काळाचा इतिहास लिहितां आला नसता, हेंही ऋण मान्य केलें पाहिजे.

(६)

स्वराज्य आल्यावर शिक्षणाची एक नवी शाखा विस्तारली. शाळा सोडलेल्या तरुणास धंदा शिकविण्याची ही शाखा होय. इ. स. १९५० सालीं कारागीर-प्रशिक्षणाची योजना सुरू होऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या, इ. स. १९६१ सालीं शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला, महाराष्ट्रांत इ. स. १९८४ सालीं व्यवसायशिक्षणाचें स्वतंत्र संचालनालय झालें. या संस्थांचें अनुदान मुख्यतः मंजूर जागा आणि शिक्षकांचे पगार यांवर बांधलेलें होतें. तिचे दोष होते, पण एखाद्या वर्षीं मुलें कमी उत्तीर्ण झालीं म्हणून लोहारकामाची भट्टी विझत नसे.

इ. स. २०१५ सालीं वारें फिरलें. त्या वर्षीच्या जुलै महिन्यांत केंद्र सरकारनें अल्पमुदतीच्या कौशल्य-प्रशिक्षणासाठीं समान नियम प्रसिद्ध केले. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेस एकूण रकमेपैकीं शेंकडा ३० वर्ग सुरू झाल्यावर, शेंकडा ५० विद्यार्थ्यांस प्रमाणपत्र मिळाल्यावर, आणि उरलेले शेंकडा २० त्यांस काम लागल्यावर द्यावे असें ठरलें. अखेरचा हप्ता पूर्ण मिळण्यास प्रमाणपत्र मिळविलेल्यांपैकीं शेंकडा ७० जणांस तीन महिन्यांच्या आंत काम लागलें पाहिजे असा दंडक होता. सोबत बोटाच्या ठशानें हजेरी, आधार क्रमांक, बँकेचें खातें आणि छायाचित्रें यांची मागणी आली. इ. स. १८६२ ची निकालपद्धति नव्या वस्त्रांत परत आली, असें इतिहासाच्या अभ्यासकास वाटल्यावांचून राहत नाहीं.

वाशिमवर याचा परिणाम काय, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. जिल्हा कोरडवाहू, सोयाबीन, कापूस व तूर हीं मुख्य पिकें, मोठे कारखाने थोडे. वीजतारांचें काम किंवा शिवण शिकलेल्या रिसोडच्या मुलास तीन महिन्यांत पगाराची नोकरी दाखवावयाची, तर ती पुण्याकडे दाखवावी लागते. तो आपल्या गांवीं राहून बाजारच्या दिवशीं चार मोटारी दुरुस्त करूं लागला, तर शिक्षण सफल झालें, पण ती सफलता कागदानिशीं सिद्ध करणें कठीण. पुण्यांत उघडलेल्या वर्गास हा हप्ता सहज मिळतो आणि मानोऱ्यांत उघडलेल्या वर्गास तो झगडून मिळवावा लागतो. जेथें शिक्षणाची निकड अधिक, तेथेंच शिकविणें तोट्याचें होतें. हंटर कमिशननें मागासलेल्या मुलखास जी सवलत सुचविली होती, तिचें मर्म हेंच होतें.

इ. स. २०१८ सालीं आकांक्षित जिल्ह्यांची योजना निघाली, तींत महाराष्ट्रांतून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद (आजचें धाराशिव) आणि वाशिम असे चार जिल्हे घेण्यांत आले. ४९ निर्देशांकांवर दरमहा प्रगति मोजून जिल्ह्यांचा क्रम लावावयाचा, अशी तिची रचना. त्या निर्देशांकांत प्रमाणपत्र मिळविलेल्या व काम लागलेल्या तरुणांचाही समावेश आहे. ९३ वर्षें ज्याची ओळ नव्हती त्या वाशिमची ओळ आतां दिल्लीस दर महिन्यास पाहिली जाऊं लागली. हा लाभच आहे, व आम्ही तो कमी लेखीत नाहीं.

(७)

येथें कोणी म्हणेल कीं, माहिती मागूं नये असें तुमचें म्हणणें काय? तसें मुळींच नाहीं. महाराष्ट्र सरकारनें ३ ते ५ ऑक्टोबर १९११ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०११ सालीं त्याच तारखांस साऱ्या शाळांची पटपडताळणी केली. तिचा धडा वाशिमच्या दक्षिणेस, हिंगोलीपलीकडील नांदेड जिल्ह्यानें आधीं घालून दिला होता. तेथें मुलांच्या बोटांस शाई लावून मोजणी झाली आणि पटावरील हजारों नांवांमागें मूलच नाहीं असें आढळलें. अनुदान पटावर होतें, म्हणून पट फुगला. विलायतेंतही इ. स. २००० च्या सप्टेंबरांत प्रौढांच्या शिक्षणासाठीं वैयक्तिक शिक्षणखातीं उघडण्यांत आलीं, आणि शिकविणाऱ्या संस्थांची नीट पारख न केल्यामुळें लबाडी माजून ती योजना पुढच्याच वर्षीं नोव्हेंबरांत बंद करावी लागली. हिशेब न मागणारा दाता फसतो, यांत शंका नाहीं.

पण केवळ रकाने वाढविणारा दाताही फसतो. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेसंबंधीं भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्यें संसदेपुढें आला. त्यांत तपासलेल्या ९५ लक्षांहून अधिक प्रशिक्षणार्थींच्या नोंदींपैकीं शेंकडा ९४ हून अधिक नोंदींत बँकखात्याच्या रकान्यांत शून्यें, निरर्थक अक्षरें किंवा रिकामी जागा आढळली. रकाना होता, तो भरलाही होता, पण वाचणारा कोणी नव्हता. चम्मकच्या पत्र्यावर हजारांपैकीं ४९ नांवें तरी खरीं होतीं.

या साऱ्या इतिहासावरून आमचे निष्कर्ष येणेंप्रमाणें आहेत. पहिला, ज्या आंकड्यावर पैसा अवलंबून असतो तो आंकडा लवकरच शिकविण्याच्या कामाचा धनी होतो. म्हणून पैसा ज्यावर बांधावयाचा तो आंकडा आणि इतिहासासाठीं ठेवावयाची नोंद हीं शक्य तों वेगळीं असावींत. दुसरा, सर्वत्र एकच माप लावल्यानें न्याय होत नाहीं. दुष्काळी व कोरडवाहू मुलखाची परिस्थिति मापांत धरली पाहिजे. तिसरा, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा, अहवाल हा भेटीची जागा घेऊं शकत नाहीं. १८५४ च्या खलित्यानें तपासनीस मागितला, १८८२ सालीं जोतीरावांनीं वर्दी न देतां येणारा तपासनीस मागितला, आणि २०११ ची पडताळणी फळास आली तीही माणसें शाळेंत जाऊन मुलें मोजूं लागलीं तेव्हांच.

मालेगांवच्या किंवा मानोऱ्याच्या एखाद्या संस्थेंत आज सायंकाळीं शिक्षक मुलांस रजा देऊन संगणकापुढें नोंदी भरीत बसतो. त्या नोंदी शंभर वर्षांनीं कोणी संशोधक उघडून पाहील, जसे आज आम्ही ताम्रपट व प्रशस्त्या पाहतों. त्यास तेथें खरीं माणसें सांपडावीं कीं शून्यें सांपडावीं, हें त्या शिक्षकाच्या प्रामाणिकपणावर जितकें अवलंबून आहे, तितकेंच त्याला काय विचारलें जातें आणि विचारणारा कधीं त्याच्या दारीं येतो कीं नाहीं, यावरही अवलंबून आहे.